जुनी वाइन चारचौघांत कशी चाखावी आणि आपलं म्हणणं कसं मांडावं

प्रश्न: आम्ही आठ मित्रमैत्रिणी महिन्यातून एकदा पार्ल्यात एकाच्या घरी वाइन चाखायला जमतो. आतापर्यंत बाजारातल्या नव्याच बाटल्या घेत आलो. आता तीन जुन्या बाटल्या जमल्यात: जर्मनीची २००७ ची पांढरी रिस्लिंग, एकाच्या मामांनी लंडनहून आणून बरीच वर्षं घरी ठेवलेली फ्रान्सची १९९८ ची लाल बोर्दो आणि नाशिकची २०१५ ची लाल रिझर्व्ह कॅबर्ने. मागे एकदा अशीच जुनी बाटली उघडली, तेव्हा आमच्यातले ज्येष्ठ 'तंबाखू' म्हणाले आणि मग सगळ्यांनाच तंबाखू लागला. जुनी वाइन नीट कशी चाखावी आणि आपल्याला काय जाणवलं ते एकमेकांना कसं सांगावं?

उत्तर:

तंबाखूपासूनच सुरुवात करतो. तुमचे ज्येष्ठ चुकीचं बोलले असं मला मुळीच वाटत नाही. मुरलेल्या बोर्दोला तंबाखूचा, देवदाराचा, जुन्या चामड्याचा वास येतोच, आणि ज्याने पुष्कळ चाखली आहे त्याला तो लगेच ओळखू येतो. नुकसान झालं ते बाकीच्या सात जणांचं. त्यांच्या नाकाला त्या क्षणी जे काही जाणवत होतं, ते त्या एका शब्दाखाली दबलं. नव्या वाइनचं असं झालं तर पुढच्या शनिवारी दुसरी बाटली आणता येते. जुनीच्या बाबतीत ती सोय नाही.

नाक ऐकीव आणि दिसलेल्या गोष्टींच्या मागे किती सहज जातं, याबद्दल २००१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. बोर्दोमध्ये फ्रेडेरिक ब्रोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन रंगाने लाल करून दिली. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनला लावतात त्याच शब्दांत केलं. ही सगळी शिकणारी, रोज वाइन हुंगणारी मुलं होती. नुसत्या रंगाने एवढं होत असेल, तर ज्यांच्याबद्दल मनात आदर आहे अशा माणसाच्या तोंडून आलेल्या शब्दाने काय होत असेल याचा विचार करा.

म्हणून माझा पहिला आग्रह हाच असतो की आधी गप्प बसायचं, मग लिहायचं आणि त्यानंतरच बोलायचं. आमच्या दादरच्या गटात ग्लास हातात आल्यावर पहिली दहा मिनिटं कुणी चकार शब्द काढत नाही. 'वा!' सुद्धा नाही, आणि शेजारच्याकडे बघून भुवया उंचावणंही नाही. प्रत्येकाने आपापल्या वहीत चार ओळी लिहायच्या. मग सगळ्यात नवखा सुरुवात करतो आणि सगळ्यात जाणता शेवटी बोलतो. आपल्याकडे मोठ्यांनी आधी बोलायची रीत, ती इथे उलटी करावी लागते. ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवलं तर ते आनंदाने मान्य करतात, असा माझा अनुभव आहे. त्यांनाही ऐकण्यात रस असतो, फक्त त्यांच्यासमोर बोलायला बाकीचे बिचकतात. आणि लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवायचं. आठवून सांगायला गेलं की माणूस नकळत आधीच्याच्या सुरात सूर मिसळतो.

लेबलसुद्धा पहिल्या फेरीत झाकलेलं बरं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एकच वाइन लोकांना एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली होती, तर महाग सांगितलेली जास्त आवडली. वाइनचं वय तर किमतीपेक्षाही जास्त दबाव आणतं. १९९८ हा आकडा वाचला की माणूस आपोआप आवाज खाली आणतो आणि वाइनमध्ये थोरपण शोधू लागतो. दुसऱ्या फेरीला लेबल उघडा, कारण जुन्या वाइनची खरी चर्चा साल आणि गाव कळल्याशिवाय होत नाही.

आता बाटल्यांकडे वळतो, कारण बाटलीची हकिगत माहीत नसेल तर कुणाच्याही नोंदीला अर्थ उरत नाही. मुंबईत हा मुद्दा सगळ्यात आधी येतो.

मामांची बाटली 'बरीच वर्षं घरी ठेवलेली' आहे, पण घरी म्हणजे कुठे? शोकेसमध्ये, काचेआड, वर पिवळा दिवा, असं असेल तर मन आधीच तयार ठेवा. लाल वाइन १२ ते १४ अंशांत शांतपणे मुरते. आपल्या घरांत वर्षातला बहुतेक काळ २८ ते ३२ अंश असतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. पण उष्णतेत वाइन नुसती लवकर म्हातारी होत नाही, ती वेगळ्याच वाटेने जाते. फळाचा स्वाद शिजल्यासारखा होतो, आंबटपणा सुटा पडतो आणि घोट गिळल्यावर तोंडात काही उरत नाही. उभी ठेवली असेल तर बूच सुकून आकसलेलं असू शकतं आणि हवा आत शिरलेली असू शकते.

उघडण्याआधी तीन गोष्टी बघून लिहून ठेवा. वाइनची पातळी कुठे आहे ते पाहा. बोर्दोच्या बाटलीला खांदे असतात, तेव्हा पातळी मानेत असेल तर उत्तम, खांद्याच्या वरच्या भागात असेल तर त्या वयाला चालण्यासारखी, आणि खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर काळजीची. मग बुचावरचं आवरण बोटाने फिरवून पाहा. ते सहज फिरलं तर चांगलं. चिकटून बसलं असेल तर बहुधा कधीतरी वाइन झिरपून तिथे वाळली आहे. शेवटी बूच वर सरकलं आहे का ते बघा. उष्णतेने वाइन फुगते आणि बुचाला वर ढकलते, हे मुंबईत मे महिन्यात हमखास होतं.

बोर्दोचं लेबलही एकदा नीट वाचा. १९९८ हे साल तिथे नदीच्या उजव्या काठाला, म्हणजे पोमरोल आणि सेंत-एमिल्यों भागात, फार चांगलं गेलं. सप्टेंबरअखेरच्या पावसाआधी तिथली मर्लो द्राक्षं बरीचशी उतरवून झाली होती, डाव्या काठाची कॅबर्ने द्राक्षं मात्र पावसात सापडली. तेव्हा उजव्या काठाची असेल आणि पातळी मानेत असेल, तर मला आशा आहे.

जाता जाता एक सांगतो. फ्रिजशिवाय मुंबईच्या घरात निर्धास्त ठेवता येईल अशी जुनी वाइन कोणती म्हणाल, तर पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची मदेरा. पूर्वी ती पिपांतून जहाजाने भारतापर्यंत यायची आणि उष्ण समुद्रातून गेल्यावर तिची चव सुधारते असं व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं. पुढे बेटावरच ती मुद्दाम तापवून मुरवायची पद्धत पडली. जिचा जन्मच उकाड्यातला, तिला आपला मे महिना काय करणार! कुणी लिस्बनला जात असेल तर गटासाठी एक मागवा.

उघडण्याची तयारी थोडक्यात सांगतो. दोन्ही लाल बाटल्या दोन दिवस आधी यजमानाच्या घरी पोचवून उभ्या करून ठेवा. बोरिवलीहून लोकलने आणलेली बाटली त्याच संध्याकाळी उघडली तर साका सगळा ढवळलेला असतो आणि वाइन कडवट, खरखरीत लागते. साका म्हणजे तुरट द्रव्यं आणि रंग एकमेकांना चिकटून खाली बसलेले असतात. त्याने काही अपाय होत नाही, पण चव बिघडते. वाइनचा फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजच्या दारात उभ्या ठेवून तास-दीड तास आधी बाहेर काढा. ओतताना १५-१६ अंश असावेत, ग्लासात ती आपोआप १८ वर येते. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला' हे वाक्य युरोपातल्या थंड खोल्यांसाठी होतं. दादर-पार्ल्यात ते पाळलं तर नाकात फक्त अल्कोहोल जातं.

बुचाबाबत मात्र घाई नको. पंचवीस वर्षांचं बूच आतून ओलं आणि वरून भुसभुशीत असतं. नेहमीचा मळसूत्राचा ओपनर घातला की मधोमध भोक पडून भुगा आत पडतो. दोन पातळ पाती असलेला आ-सो नावाचा ओपनर मिळतो, तो आणा. आधी लांब पातं बूच आणि काच यांच्यामध्ये टेकवायचं, मग आखूड पातं, आणि दोन्ही आळीपाळीने किंचित डोलवत खाली न्यायचं. जोर लावायचा नाही. पाती पूर्ण आत गेल्यावर पिळत पिळत वर ओढायचं. बूच हलायला लागलं की हाताला कळतं, तिथून पुढे आणखी हळू. बाहेर आल्यावर त्याची बाजू बघा. खालचं टोकच रंगलेलं असेल तर बूच नीट बसलेलं होतं, रंग वरपर्यंत ओघळ काढत गेला असेल तर वाइन झिरपत होती. हेही नोंदीत लिहायचं.

साका वेगळा काढण्यासाठी मोबाइलचा टॉर्च मानेखाली धरून एकाच संथ धारेत दुसऱ्या स्वच्छ बाटलीत ओता आणि काळी रेघ मानेपाशी आली की थांबा. बोर्दो ओतायच्या अगदी आधी गाळा, कारण एवढी जुनी वाइन तासभर उघड्या डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या रुंद सुरईत, ठेवली तर जे काही उरलं आहे ते हवेत जातं. नाशिकची बिनधास्त तासभर आधी ओता.

आठ जणांचा हिशेबही आधी करून ठेवा. ७५० मिलीतली ५० मिली साक्यात गेली, तर माणशी ८५-८७ मिली येतात. ती एकदम ओतू नका. आधी ३०, पाऊण तासाने ३०, उरलेली शेवटी. जुनी वाइन दर अर्ध्या तासाला बदलते, आणि ते बदलणं चाखायलाच तुम्ही जमलेले असता.

आता वासाकडे येतो. ग्लासात वाइन पडण्याआधी रिकामा ग्लास हुंगा. हे मुंबईत मी प्रत्येकाला सांगतो. आपले ग्लास लाकडी कपाटात पालथे ठेवलेले असतात, आणि त्यांत डांबराच्या गोळ्यांचा, वॉर्निशचा किंवा पावसाळ्यातल्या ओलीचा वास भरून राहतो. जुलैत तर घरातल्या गाद्या, पुस्तकं, पडदे सगळंच कुबट झालेलं असतं. अशा दिवशी 'ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय' असं कुणी म्हणालं, तर तो वाइनचा की कपाटाचा हे कळत नाही. ग्लास संध्याकाळीच साध्या पाण्याने धुऊन, उलटे न ठेवता उघड्यावर वाळवा. देवघरातली उदबत्ती त्या दिवशी दुपारीच लावून घ्या. गजरा, अत्तर, हाताला लावायचं सुगंधी क्रीम, हे सगळं त्या संध्याकाळपुरतं बाजूला ठेवा. खालच्या मजल्यावर बोंबील तळायला घेतले तर खिडकी लावा आणि दहा मिनिटं थांबा, शेजाऱ्यांना कुणी काही सांगू शकत नाही. शक्यतो अशी बैठक डिसेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. हवा कोरडी असते आणि नाक साफ असतं.

कुबट वासाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण जुन्या वाइनच्या गप्पांत सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. दोन वेगळ्या गोष्टी आधी सारख्याच भासतात. पहिली म्हणजे वर्षानुवर्षं बंद राहिल्याने आलेला कोंदट वास. तो हवा लागली की वीस-तीस मिनिटांत उडून जातो आणि खालून फळ वर येतं. दुसरी म्हणजे बुचातला दोष, ज्याला टीसीए म्हणतात. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढा जरी तो असला तरी नाकाला जाणवतो, आणि ज्यांना जाणवत नाही त्यांनाही वाइन मुकी लागते, कारण तो बाकीचे वास दाबून टाकतो. हा वास हवेने जात नाही, उलट ठळक होत जातो. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत 'खराब आहे' असा निकाल देऊ नका. अर्ध्या तासाने पुन्हा हुंगा आणि वास कमी झाला की वाढला एवढंच लिहा. त्यावरून उत्तर मिळतं.

आणि दोष आहे अशी खात्री झाली तर तो बोला. आपल्याकडे यजमानाचा मान राखायचा म्हणून सगळे 'छान आहे, जुनी आहे ना' म्हणत राहतात. त्यात नवख्यांचं फार नुकसान होतं, कारण त्यांना वाटतं जुन्या वाइनचा वास असाच असतो. ज्याने बाटली आणली त्याला आधी हळूच सांगा, 'काका, बुचाचा वास वाटतोय, तुम्ही बघता का?' मग त्यानेच सगळ्यांना सांगावं. दोष बाटलीचा असतो, आणणाऱ्याचा नाही, हे गटात एकदा स्पष्ट झालं की संकोच राहत नाही. अशा बैठकीला एक राखीव बाटली असावी, म्हणजे कुणालाच अपराधी वाटत नाही.

मुरलेल्या वाइनमधले वास ओळखायला आपली नाकं उत्तम तयार झालेली आहेत, फक्त त्यांच्यावर विश्वास ठेवायला हवा. तुमच्या रिस्लिंगचंच घ्या. २००७ ची जर्मन रिस्लिंग उघडल्यावर पहिला वास बहुधा रॉकेलचा येईल. दचकू नका, तो दोष नाही. टीडीएन नावाचं द्रव्य रिस्लिंग मुरताना तयार होतं आणि त्याचा वास तसाच असतो. त्याच्यामागे मध, लिंबाची साल, सुकवलेलं जर्दाळू येईल. रेशनच्या रांगेत रॉकेलचा डबा घेऊन उभं राहिलेल्या पिढीला हा वास शिकवावा लागत नाही. बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला काचेसारखे बारीक खडे दिसले तर तेही निरुपद्रवी आहेत, टार्टारिक आम्लाचे क्षार असतात ते.

मेथीचंही तसंच आहे. जुन्या सोतेर्नमध्ये (ही बोर्दोकडची गोड पांढरी वाइन), मदेरात, पोर्टमध्ये भाजलेल्या मेथीदाण्यासारखा एक वास येतो. तो सोटोलॉन नावाच्या द्रव्याचा, आणि मेथीदाण्यातही हेच द्रव्य असतं. म्हणजे कुणी वहीत 'मेथी' लिहिलं तर ते अगदी नेमकं लिहिलेलं असतं. तोच वास एखाद्या साध्या कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, पांढऱ्या वाइनमध्ये आला तर मात्र ती हवा लागून उतरली आहे असं समजा. शिराझ द्राक्षाच्या लाल वाइनमधल्या मिरीच्या वासाचंही तेच, मिरीतलं रोटंडोन हे द्रव्य त्या द्राक्षाच्या सालीतही असतं. मुरलेल्या बारोलोला, म्हणजे इटलीतल्या एका लाल वाइनला, गुलाब आणि डांबराचा वास येतो असं जुने जाणकार सांगतात. गुलकंद खाल्लेल्या आणि मे महिन्यात रस्त्याचं डांबरीकरण चालू असताना शेजारून गेलेल्या मुंबईकराला आणखी काय समजवायचं? ब्लॅककरंट कधी खाल्लंच नसेल तर ते वहीत लिहू नका. काळा मनुका लिहा, जांभूळ लिहा, आमसूल लिहा, कात, ज्येष्ठमध, चंदन, पेन्सिल तासल्यावरचा वास, पहिल्या पावसानंतर वडाखालची माती लिहा. जे ओळखीचं आहे तेच पुन्हा पडताळून पाहता येतं.

पण वासांची यादी म्हणजे नोंद नव्हे, हेही तितक्याच कळकळीने सांगतो. जुन्या वाइनबद्दल मला समोरच्याकडून सर्वांत आधी ऐकायचं असतं ते तिच्या अवस्थेबद्दल. अजून फळ जिवंत आहे का? तुरटपणा हिरड्यांना धरतो की विरघळला आहे? आंबटपणा बाकीच्यांत मिसळलेला आहे की एकटा उभा आहे? गिळल्यावर चव किती वेळ राहते? आणि ती चढतीला आहे, माथ्यावर आहे की उतरणीला लागली आहे? रंगही बघा, पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून. लाल वाइन वयाबरोबर फिकी होत कडेला विटकरी होते आणि पांढरी गडद होत जाते. बारोलो ज्यापासून होते त्या नेब्बियोलो द्राक्षाची वाइन तर तरुणपणीच कडेला विटकरी असते, तेव्हा रंगावरून वय सांगताना द्राक्ष कोणतं ते विचारात घ्या.

कशी नोंद मला उपयोगी वाटते, ते माझ्या वहीतल्या एका उताऱ्यावरून दाखवतो. गेल्या हिवाळ्यातली २००१ ची बारोलो, बाटली कायम फ्रिजमध्ये, पातळी मानेत, बूच शाबूत:

'७.३०: रंग मधे फिका डाळिंबी, कडेला विटकरी. वास बंद, किंचित कोंदट, वाळकी पानं. तुरटपणा कडक, दात धरतो. ८.१५: कोंदटपणा गेला. गुलकंद, डांबर. आंबटपणा आमसुलासारखा सरळ, पण टोचत नाही. ९.२०: गुलाब वाढला, सुकं अंजीर, ज्येष्ठमध. तुरटपणा मऊ. गिळल्यावर बराच वेळ रेंगाळते. १०.००: गुलाब ओसरला, चामडं आणि पानं उरली. ९.२० ला सगळ्यात सुंदर. अजून पाच वर्षं सहज जाईल.'

यात गुण दिलेले नाहीत. शंभरपैकी गुण द्यायची पद्धत नव्या वाइनच्या खरेदीसाठी ठीक आहे, जुन्या बाटलीला मी ते देत नाही. वीस-पंचवीस वर्षांनंतर एकाच पेटीतल्या दोन बाटल्याही सारख्या राहत नाहीत, मग ९२ हा आकडा नक्की कुणाला दिला? आणि वेळेचाही प्रश्न आहे. १९७६ साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर या ब्रिटिश वाइन-व्यापाऱ्यांनी फ्रेंच आणि कॅलिफोर्नियन वाइन झाकून चाखायला दिल्या, तेव्हा लाल वाइनमध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्स लीपची १९७३ पहिली आली आणि तिथल्याच रिजची माँटे बेल्लो १९७१ पाचवी. तीस वर्षांनी, २००६ साली, त्याच वाइन पुन्हा चाखल्या तर रिज पहिली आली. दोन्ही वेळचे परीक्षक आपापल्या जागी बरोबर होते. तेव्हा प्रत्येक नोंदीवर चाखल्याची तारीख आणि ग्लासात ओतल्यापासूनचा वेळ असलाच पाहिजे.

मतं जुळली नाहीत तर ती जुळवायच्या मागे लागू नका. एकाला अंजीर, दुसऱ्याला चामडं, दोन्ही लिहा. मात्र एकाला 'उतरलेली' आणि दुसऱ्याला 'ऐन भरात' वाटली, तर तिथे थांबून बोला. बहुतेक वेळा असं दिसतं की पहिला फळ शोधत होता आणि दुसऱ्याला माती-पानांचे वास आवडतात. हा आवडीचा फरक मोकळेपणाने सांगितला पाहिजे. मला स्वतःला उतरणीला नुकत्याच लागलेल्या वाइन फार प्रिय आहेत, आणि हे मी गटात आधीच सांगून ठेवतो, म्हणजे माझं कौतुक कुणी शब्दशः धरत नाही.

नाशिकच्या बाटलीबद्दल थोडं जास्त बोलायचं आहे, कारण या तिघींत मला तिचीच नोंद सर्वांत मोलाची वाटते. बोर्दोच्या १९९८ वर जगभर ढिगाने लिहिलं गेलं आहे. आपल्याकडे नारायणगावला ऐंशीच्या दशकात वाइन बनवायला सुरुवात झाली, सुलाची पहिली वाइन २००० साली आली, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ चं. म्हणजे आपल्या लाल वाइन मुरल्यावर कशा होतात हे सांगणारा अनुभवच अजून तोकडा आहे. इथे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी, आणि माल साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतो. युरोपात काढणीच्या वेळी हवा थंड होत जाते, आपल्याकडे तापत जाते, त्यामुळे द्राक्षातलं आम्ल लवकर उतरतं. आम्ल कमी म्हणजे टिकाऊपणा कमी, म्हणून आपल्या बहुतेक वाइन तरुणपणीच प्याव्यात असं माझं मत आहे. पिपात मुरवलेल्या रिझर्व्ह लाल वाइन, उदाहरणार्थ ग्रोव्हरची ला रिझर्व्ह किंवा अकलूजची फ्राटेली सेट्टे, नीट थंडाव्यात ठेवल्या तर काही वर्षं छान जातात. तुमची २०१५ ची आता अशा टप्प्यावर आहे की फळ आधी ओसरलं की तुरटपणा आधी मऊ झाला, हे बारकाईने पाहायला हवं. तेवढं एक वाक्य नेमकं लिहिलंत तरी पुढच्या बाटल्या कधी उघडायच्या याचा निर्णय तुमच्या वहीवरून घेता येईल.

खाणं नंतर. चाखताना फक्त पाणी आणि लादी पाव, तोही बिनलोण्याचा. मसाला शेंगदाणे, चिवडा, भजी यांनी जीभ तिखटली की जुन्या वाइनचं उरलंसुरलं नाजूकपण हाती लागत नाही. जेवणातही मुरलेल्या लाल वाइनसोबत मिरची बेताची ठेवा. साधी भाजलेली कोंबडी, लोण्यावर परतलेली अळंबी, एवढ्यावर ती खुलते. थुंकायला प्रत्येकाला एक कागदी पेला द्या. जुनी वाइन थुंकायला जीव होत नाही हे मला माहीत आहे, पण निदान पहिल्या घोटांना वापरा, म्हणजे तिसऱ्या फेरीपर्यंत नाक शाबूत राहतं. गाडी कुणी आणू नये, आणि दारू पिण्याचा परवाना सगळ्यांनी काढून ठेवावा.

तुमच्या तिघींचा क्रम मी असा लावेन: आधी रिस्लिंग, मग बोर्दो, शेवटी नाशिक. पुष्कळ जण तरुण वाइन आधी आणि जुनी शेवटी ठेवतात. माझ्या मते जी सगळ्यात नाजूक तिला जीभ ताजी असतानाच मिळायला हवी, आणि दहा वर्षांच्या कॅबर्नेच्या तुरटपणानंतर १९९८ ची काहीच सांगू शकणार नाही. रिस्लिंग कोरडी आहे की गोडसर ते मात्र लेबलवर आधी बघा. श्पेटलेझे किंवा आउसलेझे लिहिलं असेल आणि 'ट्रोकन' (म्हणजे कोरडी) हा शब्द नसेल, तर ती बहुधा गोडसर असणार. मग ती शेवटी ठेवा. बोर्दो उघडल्यावर मेलेली वाटली तरी लगेच बेसिनमध्ये ओतू नका. अर्धा तास द्या, मामांना ती कुठे आणि कशी ठेवली होती ते फोन करून विचारा आणि नोंद पूर्ण करा. नाशिकचे आणि रिस्लिंगचे शेवटचे थोडे थोडे घोट छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी तरी चाखा. बोर्दोचं असं करू नका, ती त्याच रात्री संपवा.